मागच्या ॲक्सलसाठी

रात्री चार बरण्या दाराबाहेर ठेवल्या,
रानबेरीच्या मुरांब्याच्या, धुतलेल्या,
तरी झाकणाखाली लाल कड राहिलेली.
प्रत्येकीत चार बोटं तेल,
चिकटपट्टीवर पेन्सिलीनं आकडे.

सकाळी उणे एकोणपन्नास.
श्वास सोडला की कानाशीच गोठतो,
सुपातून धान्य सांडावं तसा आवाज करत.
मी बरण्या आडव्या केल्या
आणि मनात मोजायला लागले.

ऐंशी-नव्वद हललंच नाही.
चमचा रोवला तर उभा राहिला,
घरमालकासारखा.
हेच तेल बाबा पंचवीस हिवाळे घालत आले,
थोडं डिझेल मिसळून,
आणि निघण्याआधी तासभर
ॲक्सलखाली स्टोव्ह धरून.
बर्फात पाठ टेकून शिव्या द्यायचे, हळू आवाजात,
आजारी घोड्याला उठवताना देतात तशा.

पंचाहत्तर-एकशेचाळीस:
सत्तर मोजले तेव्हा कुठे कड सुटली.
पंचाहत्तर-नव्वद विसालाच निघालं,
हाक मारल्यावर येणाऱ्या मुलासारखं,
पाय ओढत, पण येणाऱ्या.
चौथी बरणी कुत्र्यानं पाडली.
तिचं काही सांगता येत नाही.

दुकानात बोलोत म्हणाला,
याकूत माणसाला थंडीचंच तेल लागतं,
नव्वद घे आणि झोप.
पण मला जुलै आठवतो.

जुलैत ही जमीन वरून वितळते,
खाली तसाच बर्फ, मधे चिखल,
चाकाच्या बेंबीपर्यंत.
पस्तीस अंश, डासांचा ढग,
पहिल्या गिअरात दोन दोन तास.
आणि गाडी आता बाबांची राहिलेली नाही.
सदतीस इंची टायर मी चढवले,
त्यांना झेपावेत म्हणून आतले दात बदलले.
हे दात नुसते टेकत नाहीत,
एकमेकांवरून घासत, घसरत जातात.
मधे असतो तेलाचा एक पापुद्रा.
तो फाटला
की लोखंड लोखंडाला चावतं.

गेल्या सप्टेंबरात बूच काढलं होतं.
चुंबकावर काळी लव,
लवेत नखाएवढा एक चकाकता तुकडा.
तेल दुधाळ.
तापलेला ॲक्सल अल्दानच्या पाण्यात उतरवला होता,
तेव्हा त्यानं दचकून घोटभर नदी आत ओढली असणार.
श्वासाची नळी आता वर आणलीय, पार आरशापर्यंत.
तुकडा मी काडेपेटीत ठेवलाय.
का, ते माहीत नाही.

वळणावर बाहेरच्या चाकाच्या वाट्याला जास्त रस्ता येतो,
आतल्याच्या कमी.
हा फरक मुकाट सोसते ती ही पेटी.
मी तिच्यात चकत्यांचं कुलूप बसवलं:
आता थोडंच सोसते, मग अडते.
त्या चकत्यांना तेलात वेगळं औषध लागतं,
छोटी बाटली, मोठी किंमत,
नाहीतर वळताना कण्हतात.

दोन्ही बरण्या आत आणल्या.
बाबा खिडकीशी.
करंगळी बुडवली, अंगठ्यावर चोळली,
नाकाशी नेली.
"गंधक आहे. बरंय."
आपल्या तेलाविषयी काही बोलले नाहीत.
"केवढ्याला?"
मी अर्धीच किंमत सांगितली.
त्यांनाही ते कळलं असावं,
कारण त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

"पुढच्याला नव्वद," मी म्हटलं,
"तिथे ओझं कमी.
मागच्याला एकशेचाळीस."
"सत्तर मोजायला लागले ना त्याला?"
म्हणजे पडद्याआडून बघत होते.
"हो."
"मग स्टोव्ह लागेल, कुन्नेय."
"अर्धाच तास."

कोळसा विझत आलेला. चहा गार.
बाबा उठले, भिंतीला धरून,
खुंटीवरचा एक हातमोजा काढला
आणि दुसरा शोधायला लागले.